व्हॅक्यूम क्लीनरमधून निघालेला खारोबा

माझा धंदा मिक्सर, इस्त्री, पंखे आणि अधूनमधून व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करायचा. राजगुरुनगरला दहा बाय बाराचं दुकान आहे. पुस्तकाविषयी लिहायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच, की हे पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचलंय. रोज रात्री, जेवणं झाल्यावर, पाचवीतल्या लेकीला शेजारी घेऊन. माझं इंग्रजी आयटीआयचं आणि मशीनसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांचं. ‘डिसकनेक्ट बिफोर सर्व्हिसिंग’ मी झोपेत वाचतो, पण गोष्टीचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. तरी हे जमलं. म्हणून लिहितोय, कारण माझ्यासारखे बाप बरेच असणार.

पुस्तकाचं नाव ‘फ्लोरा अँड युलिसिस’. लेखिका केट डिकॅमिलो, अमेरिकेतल्या. चित्रं के. जी. कॅम्पबेल यांची. २०१३ साली आलं आणि २०१४ चं न्यूबेरी पदक त्याला मिळालं. मुलांच्या पुस्तकासाठी तिकडे हा फार मोठा मान समजतात. मला हे सगळं नंतर कळलं. मी ते घेतलं अप्पा बळवंत चौकात, लेकीच्या वह्या-पुस्तकांच्या खरेदीला गेलो होतो तेव्हा, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून, दीडशे रुपयांना. घेण्याचं कारण पहिली चार पानं. तिथे मजकुराऐवजी चित्रांच्या चौकटी आहेत, कॉमिक्ससारख्या, आणि त्यात एक नवरा बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून व्हॅक्यूम क्लीनर देतोय. मी तिथेच हसलो. एका वर्षी मी घरी वाढदिवसाला नवी इस्त्री आणली होती. त्या नवऱ्याचं पुढे काय होणार याचा मला अंदाज होता.

माझा अंदाज चुकला, कारण भलतंच होतं. ते मशीन इतकं ताकदवान निघतं की शेजारीणबाईंना घेऊन अंगणात धावत सुटतं आणि तिथे बसलेली एक खार आत ओढून घेतं. शेजारच्या घरातली दहा वर्षांची फ्लोरा हे खिडकीतून बघते, धावत येते, खारीला बाहेर काढते आणि तोंडाने श्वास देऊन जिवंत करते. खार डोळे उघडते ती बदलूनच. अंगात बळ आलेलं, डोक्यात विचार सुरू झालेले. पहिला पराक्रम काय, तर तोच व्हॅक्यूम क्लीनर एका पंजाने डोक्यावर उचलणं. जग वाचवायला नाही हं. भूक लागली होती आणि आत खाऊचा तुकडा अडकला होता, म्हणून.

मी इथे थांबून लेकीला म्हणालो, ‘हे मात्र खरं लिहिलंय.’ कारण व्हॅक्यूम क्लीनर उघडला की मीही पहिल्यांदा तेच करतो, उलटा धरून झटकतो. बिस्किटाचा चुरा हमखास पडतो.

आता धंद्यातला माणूस म्हणून थोडं. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप साधारण ३२ ते ३५ मिलिमीटरचा असतो. त्यातून खार जायची म्हणजे खारीने बरंच सहकार्य करायला हवं. आणि अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिकडच्या पाव्हण्यांनी आणलेले मिक्सर लोक इथे थेट प्लगला लावतात आणि पाच मिनिटांत माझ्याकडे घेऊन येतात, वास आधी येतो आणि मिक्सर मागून. तेव्हा हे युलिसिस नावाचं मशीन आमच्या गल्लीत लावलं असतं तर खारीला काही झालं नसतं, मोटर जळून गेली असती. हे मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, ‘पप्पा, गोष्ट आहे.’ मी गप्प बसलो.

हो, युलिसिस हे मशीनचं नाव. खारीला तेच नाव पडतं. आमच्या घरी असं घडलं असतं तर खारीचं नाव पंख्यावरून ‘उषा’ पडलं असतं.

पण या नावाने एक घोळ झाला. मी इंग्रजी वाक्य वाचायचो आणि लगेच मराठीत सांगायचो. पुस्तकात खार ‘तो’ आहे, नर. मराठीत खार ‘ती’. मग मी एका वाक्यात ‘ती उडाली’ म्हणायचो आणि पुढच्यात ‘तो पडला’. लेक वैतागली. ‘नक्की किती खारी आहेत?’ मी म्हटलं, शेकरू म्हणू या, तर ते ‘ते’ झालं. शेवटी तिनेच तोडगा काढला: खारोबा. विठोबा, खंडोबा, तसा खारोबा. पुढचं सगळं पुस्तक आमच्या घरी खारोबाच्या नावानेच वाचलं गेलं. मीही आता तेच लिहितो.

तिचा दुसरा प्रश्न चित्रांबद्दल. चित्रं काळ्या-करड्या पेन्सिलीची आहेत, फार सुंदर, शेपटीचा केस न् केस दिसतो. तिने बराच वेळ निरखून विचारलं, ‘याच्या पाठीवर पट्टे कुठायत?’ आपल्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटं फिरवली म्हणून पट्टे, हे तिला आजीने सांगितलेलं. सेतू बांधताना खारीने अंगाला वाळू लावून नेली आणि खडकांत झटकली, तोच खारीचा वाटा. अमेरिकेतल्या करड्या खारींना पट्टे नसतात, आणि त्या आकारानेही आपल्या अंगणातल्या खारीपेक्षा बऱ्याच मोठ्या. मी म्हटलं, तिकडे राम गेला नव्हता. ती म्हणाली, ‘मग फ्लोराने हात फिरवला की येतील.’ पुस्तकभर ती पट्ट्यांची वाट बघत होती. आले नाहीत. सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्या पोरांची निराशा व्हायला नको.

उडण्याबद्दल मात्र तिने एकही शंका काढली नाही. खारोबा उडतो हे वाचून शहरातलं पोर कदाचित ‘खोटं आहे’ म्हणेल. आमची दरवर्षी भीमाशंकरला जाते. १९८५ पासून ते अभयारण्य आहे, आणि तिथलं शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी. पाठ तांबूस, पोट फिकट, शेपूट अंगापेक्षा लांब. ते या झाडावरून त्या झाडावर वीस फुटांची झेप घेतं तेव्हा खाली उभ्या असलेल्या माणसाला ते उडालंच असं वाटतं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात धुक्यात आम्ही एक पाहिलं. एका फांदीवर दिसलं, मग काही नाही, मग पलीकडच्या फांदीवर दिसलं. मधलं कुणालाच दिसलं नाही. तेव्हा खारोबा उडतो म्हटल्यावर ती म्हणाली, ‘उडतातच की.’

कॉमिक्सच्या चौकटी पुस्तकात मधूनमधून येत राहतात. हे लक्षात घेण्यासारखं आहे. खारोबा काही पराक्रम करायला निघाला की मजकूर थांबतो आणि पान चित्रांकडे जातं. वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला हा आधार मिळतो. प्रकरणंही छोटी, दोन-तीन-चार पानांची, साठाच्या वर आहेत. रात्री ‘अजून एकच’ म्हणता म्हणता चार होतात. माझा आवाज बसायचा.

फ्लोरा स्वतः कॉमिक्सची वेडी आहे. तिचा आवडता हिरो इन्कॅन्डेस्टो. एरवी साधा सफाई कामगार, पण सफाईच्या द्रावणाच्या टाकीत पडला आणि अंगातून प्रकाश निघू लागला. हिरो सफाई कामगार, खारोबा व्हॅक्यूम क्लीनरमधला. सगळी शक्ती झाडलोटीतून येते, हे मला फार आवडलं. आम्ही लहानपणी रविवारी दुपारी दूरदर्शनवर गोल गोल फिरणारा हिरो बघायचो आणि नंतर अंगणात फिरून चक्कर येऊन पडायचो. त्याने कधी केर काढलेला आठवत नाही.

फ्लोराच्या आईला मात्र कॉमिक्स म्हणजे बावळटपणा वाटतो. तिने मुलीकडून चक्क करार सही करून घेतलाय, की सुट्टीत कॉमिक्सकडे पाठ फिरवून खऱ्या साहित्याकडे वळेन. आई स्वतः प्रेमकथांच्या कादंबऱ्या लिहिते, हा त्यातला विनोद. पण फ्लोराने खारीचा जीव वाचवला तो कॉमिक्समुळेच. त्या अंकांच्या शेवटी एक पुरवणी असते, काय काय भयंकर घडू शकतं आणि तेव्हा काय करायचं याची. श्वास कसा द्यायचा ते तिने तिथे वाचलेलं.

यावरून आमच्या दुकानात एक गोष्ट झाली. विजेचं काम चालतं तिथे भिंतीवर एक तक्ता असतो, विजेचा धक्का बसल्यास काय करावे, त्यावर आडवा पडलेला माणूस आणि त्याच्या छातीवर दाबणारा दुसरा माणूस. माझ्या दुकानात तो पहिल्या दिवसापासून आहे. लेक त्याच्याखाली बसून डबा खाते, गृहपाठ करते, पण तो तिने कधी वाचला नव्हता. फ्लोराचं प्रकरण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आली, दप्तर टेकवलं आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून काढला. मग मला विचारलं, ‘तुम्हाला हे येतं का?’ येतं. पण किती वर्षांपूर्वी शिकलो ते मी सांगितलं नाही. (खऱ्या खारीच्या तोंडाला तोंड लावायचं नसतं, हेही तिला सांगितलं. तुम्हीही सांगा.)

आता टाइपरायटर. खारोबाची खरी ताकद उडण्यात नाही, टाइप करण्यात आहे. फ्लोराच्या आईच्या टाइपरायटरवर रात्री तो एकेक कळ दाबत लिहितो, आणि पहिलाच शब्द चुकीचा टाइप करतो. लेकीला पुस्तकातली ही जागा सगळ्यांत जास्त आवडली. शुद्धलेखनात तिच्या वहीवर लाल शाईचा सडा असतो. एवढा मोठा सुपरहिरो, आणि पहिला शब्द चुकला! तिने ते पान दोनदा वाचायला लावलं. खारोबा पुढे कविता लिहितो. छोट्याशा, बहुतेक खाण्याबद्दल आणि फ्लोराबद्दल. कवितेतलं मला फार कळत नाही, पण भुकेबद्दल इतकं सरळ लिहिलेलं पटतं.

टाइपरायटर म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं. मी मराठी तीसची परीक्षा पास आहे. आयटीआयच्या आधी वर्षभर इन्स्टिट्यूटमध्ये खटखट केलंय, करंगळीच्या कळा दाबताना बोटं दुखायची. तिला सांगितलं, की कळ दाबायला जोर लागतो, मोबाइलसारखं नुसतं बोट टेकवून चालत नाही. ती विचारात पडली. ‘मग खारोबाला मराठी टाइप करायला किती जोर लागला असता? जोडाक्षरं असतात ना.’ खरं आहे. पहिला शब्द तिथेही चुकला असता.

आता भाषेचं. मराठी किंवा सेमी माध्यमातल्या पाचवीच्या मुलाने हे एकट्याने वाचणं कठीण आहे, हे स्वच्छ सांगतो. वाक्यं छोटी आहेत, पण मधूनच मोठे अवघड शब्द येतात, लेखिकेला ते आवडतात असं दिसतं. फ्लोरा स्वतःला ‘सिनिक’ म्हणवते. मी मोबाइलवर अर्थ शोधला, तिथे ‘मानवद्वेष्टा’ असं काहीतरी आलं. दहा वर्षांच्या पोरीला मानवद्वेष्टी कशी म्हणणार? घरात विचारलं तर आई, म्हणजे लेकीची आजी, पलंगावरून म्हणाली, ‘नकारघंटा.’ झालं काम. फ्लोरा म्हणजे नकारघंटा. आशा धरायची नाही, नुसतं नीट बघत राहायचं, असा तिचा नियम आहे, आणि खारोबा आल्यापासून तो नियम रोज मोडतो. ‘आर्च-नेमेसिस’ला आम्ही जानी दुश्मन केलं. फ्लोराला आश्चर्य वाटलं की ती ‘होली बगुंबा’ म्हणते, त्याला काही केलं नाही. बगुंबा तसाच ठेवला. आता घरात गॅस संपला तरी ‘अगं बाई, बगुंबा’ होतं.

शेजारणीचा एक नातू लागतो, भावाच्या नाहीतर बहिणीच्या नातवंडांपैकी, विल्यम स्पायव्हर. त्याला पूर्ण नावानेच हाक मारावी लागते, नुसतं विल्यम म्हटलेलं चालत नाही. तो म्हणतो की त्याला तात्पुरतं आंधळेपण आलंय. बोलतो एखाद्या वकिलासारखा. सुरुवातीला हा पोरगा मला असह्य झाला, त्याची वाक्यं मराठीत सांगताना धाप लागायची. पण त्याला घरातून इकडे का पाठवलंय हे हळूहळू कळतं, तेव्हा त्याच्या त्या मोठ्या शब्दांची कीव येते. पोरगं शब्दांच्या मागे लपलेलं असतं. ते कारण मी सांगत नाही.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी आईबापांनी हे पुस्तक मुलाच्या हातात देण्याआधी स्वतः बघावं. फ्लोराचे आईवडील वेगळे झालेत. वडील हिशेबनीस, दुसरीकडे खोली घेऊन राहतात, भिडस्त माणूस. आईला खार घरात नकोय. ती वडिलांना सांगते, खारीला पोत्यात घाल आणि फावड्याने डोक्यात मार. मुलीला कळू द्यायचं नाही. हे बऱ्याच पानांवर टांगून ठेवलंय. लेक त्या रात्री झोपायला तयार नव्हती, मला पुढची तीन प्रकरणं वाचावी लागली. त्याहून जड पुढे आहे. रागाच्या भरात फ्लोरा म्हणते, मी बाबांकडे जाऊन राहीन. आई म्हणते, त्याने माझं आयुष्य सोपं होईल.

मी हे मराठीत सांगितलं आणि स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सौ. दारात येऊन उभी राहिली. ‘अहो, असं लिहिलंय?’ मी म्हटलं, असंच लिहिलंय. ‘कसली आई ती.’ लेक तिच्याकडे बघून म्हणाली, ‘तू पण म्हणतेस, मामाकडे जा चार दिवस, मला जरा निवांतपणा मिळेल.’ कुणीच काही बोललं नाही. मग सौ. म्हणाली, ‘मी परत आण असं पण म्हणते ना.’ आणि आत गेली. त्यानंतर रोज रात्री भांडी घासायची वेळ नेमकी वाचनाच्या वेळेला येऊ लागली आणि नळ बारीक सोडलेला असायचा. मी मध्ये दोन दिवस आळंदीला कामासाठी गेलो तर फोनवर पहिला प्रश्न, ‘त्या आईचं पुढे काय झालं?’ पुढे काय होतं ते पुस्तकात आहे. उशिरा होतं, माझ्या मते जरा जास्तच उशिरा. पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग ती बाई वाईटच वाटत राहते, आणि शेवटी बदलते ती थोडी घाईत. पण बदलते तेव्हा सौ.ने पदराने डोळे पुसले, हेही इथे लिहितो. तिला हे वाचायला दाखवणार नाही.

सातवीतला भाचा दिवाळीत आला होता. त्यालाही दिलं, तो इंग्रजी माध्यमाचा, दोन दिवसांत वाचून काढलं. त्याचं मत चांगलं नाही. ‘मामा, यात खलनायकच नाही.’ त्याला हाणामारी हवी होती, इमारती पडायला हव्या होत्या. इथे सगळ्यांत मोठी लढाई एका दुष्ट मांजराशी, त्याचं नाव मिस्टर क्लाउस, आणि एक धुमाकूळ डोनटच्या हॉटेलात, खारोबा वेट्रेसच्या केसांत अडकतो तेव्हा. ती हॉटेलची प्रकरणं अफलातून आहेत, आम्ही हसून हसून आडवे झालो होतो. भाच्याला तीही पोरकट वाटली. मधली काही पानं त्याने गाळली, जिथे मीशॅम नावाच्या वयस्कर बाई आपल्या जुन्या देशाच्या आठवणी सांगतात. गाळण्यात त्याची पूर्ण चूक नाही, तिथे गोष्ट रेंगाळते. माझ्या लेकीला मात्र त्या बाई आजीसारख्या वाटल्या. तेव्हा तुमचं पोर हाणामारीवालं असेल तर हे पैसे दुसरीकडे घाला. चौथी ते सहावी हे याचं बरोबर वय, त्यातही ज्या मुलाने घरात कुत्रं-मांजर-पक्षी काही ना काही आणून लपवलंय त्याच्यासाठी.

वडीलधाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला पुस्तक संपल्यावर कळली. या लेखिकेच्या आईकडे एक जुना इलेक्ट्रोलक्सचा व्हॅक्यूम क्लीनर होता. आईचा त्याच्यावर फार जीव. शेवटच्या वर्षात तिला घोर लागला होता, की मी गेल्यावर याचं काय होणार. ती गेली, मशीन लेखिकेच्या गॅरेजमध्ये येऊन पडलं. आणि मग एकदा त्यांच्या घराच्या पायऱ्यांवर एक मरायला टेकलेली खार येऊन पडली. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, फावडं घे. खार ते ऐकून कशीबशी निघून गेली. त्यातून हे पुस्तक झालं. फावडं खरं होतं तर!

मला ती आई ओळखीची वाटली. माझ्याकडे असे मिक्सर येतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, ज्यांचे पार्ट मिळत नाहीत, ज्यांच्या दुरुस्तीच्या पैशांत थोडी भर घातली तर नवा येईल. मी तसं सांगतोही. माणूस काउंटरवर बोटं वाजवत उभा राहतो आणि म्हणतो, ‘आईचा आहे.’ मग मी पुढे काही सांगत नाही, आर्मेचर काढून रिवाइंडिंगला पुण्याला पाठवतो. माळ्यावर असे दोन मिक्सर पडून आहेत, त्यांना न्यायला कुणी आलं नाही. ते मी भंगारात घालत नाही. का ते मला सांगता आलं नसतं. आता लेक सांगते, त्यात कुणीतरी असेल म्हणून.

सिनेमाही आहे, २०२१ चा. आधी पुस्तक वाचा, कारण सिनेमातला खारोबा संगणकावर केलेला आहे, चुरूचुरू धावतो आणि गोड दिसतो. पेन्सिलीने काढलेला कॅम्पबेलांचा खारोबा जागोजागी केस गेलेला, विस्कटलेला आहे. व्हॅक्यूम क्लीनरमधून निघालेला प्राणी असाच दिसणार.

वाचायची आमची पद्धत सांगतो, इंग्रजी कच्चं असणाऱ्या बापांनी करून बघावी. दुपारी गिऱ्हाईक नसताना रात्रीची तीन प्रकरणं आधी एकट्याने वाचून ठेवायची, अडलेले शब्द बघून ठेवायचे. रात्री एक वाक्य इंग्रजीत, तेच लगेच मराठीत. चौकटींची पानं मुलाने सांगायची, आपण ऐकायचं. पहिला आठवडा जड जातो. नंतर लेकच मला मध्ये थांबवून म्हणायला लागली, ‘ते कळलं, पुढे वाचा.’ आमचं पुस्तक तीन आठवड्यांत संपलं, आळंदीचे दोन दिवस धरून.

गेल्या आठवड्यात एका मंगल कार्यालयाचा मोठा व्हॅक्यूम क्लीनर दुकानात आला. ओढत नाही अशी तक्रार. मी टेबलावर घेतला, वायर तपासली आणि प्लग लावायला हात पुढे केला. लेक कोपऱ्यात तक्त्याखाली बसून डबा खात होती. ‘पप्पा, आधी पिशवी बघा.’ मी पिशवी काढून उलटी केली. धूळ, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, एक कानातलं, आणि मूठभर शेंगदाण्याची टरफलं. टरफलं बघून तिने चपाती डब्यात ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाइप सोडवला, उजेडाकडे धरून आरपार बघितलं, तिलाही बघू दिलं, आणि मगच बटण दाबलं.